कारणाचा रकाना

६ एप्रिल, रविवार

शाळेत पालकसभा. वेळ दहाची, सुरुवात पावणेअकराला. साहेब लोक चहा पीत होते.

बारा मुलं मे महिन्यात पंधरा दिवस जर्मनीला जाणार. तिथल्या एका शाळेशी आपल्या शाळेचा करार झाला आहे. एकेक मूल एकेका कुटुंबात राहील. राहणं, जेवण त्यांच्याकडे, तसं पत्रात लेखी आहे. आमची श्रद्धा त्या बारांत आहे. पंधरा पूर्ण, यंदा दहावीत जाईल.

वाद हातखर्चावर. डाळ मिलवाले आनंदराज उठून म्हणाले, "ओ सर, पोरं परदेशात चाललेत, औशाच्या बाजाराला न्हाई. लाखभर तरी पाहिजेत की खिशात." चारपाच बापांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. राहणं फुकट, जेवण फुकट, मग पंधरा वर्षांच्या पोरांना लाख रुपये कशाला? उधळायला? मी म्हटलं, दीडशे युरो पुरेत. म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास. तेवढ्यात आमच्या कॉलेजातला शिपाई घर चालवतो.

मुख्याध्यापक म्हणाले, "कुसुमताई, तुम्ही कॉलेजच्या ऑफिस अधीक्षक. नियम तुम्हीच लिहून द्या." तिथेच बाकावर बसून लिहिले. रोख एक पैसा नाही, फक्त कार्ड. प्रत्येक खर्चाचा संदेश पालकाच्या मोबाइलवर येईल आणि पालकाला योग्य वाटेल तेव्हा घरबसल्या कार्ड बंद करता येईल. मुलांनी एकमेकांकडून उसने घ्यायचे नाहीत. रोज वही लिहायची, त्यात तारीख, वस्तू, रक्कम आणि कारण असे चार रकाने. कारणाचा रकाना रिकामा असेल तर तो खर्च अमान्य.

नियम मंजूर झाले. फाटकाशी आनंदराज म्हणाले, "मॅडम, पोरीला जेवायला वाढता तवा पण व्हाउचरवर सही घेता का?" बाकीचे हसले. मी गाडी सुरू केली.

१५ मे, गुरुवार

बॅग भरली. तेवीस किलोची मर्यादा, मी एकवीसवर थांबवली.

सासूबाई लोह्याहून एसटीने आल्या. श्रद्धाला निरोप द्यायला म्हणून आल्यात, आता ती परत येईपर्यंत राहणार म्हणतात. पिशवीत पन्नास धपाटे, शेंगांची चटणी, दशम्या. मी धपाटे दहा ठेवले, बाकी बाहेर काढले. सासूबाई त्या, गप्प कशाला बसतील. "अगं लेकरू परमुलखात चाललंय, असू दे की दोन घास." मी पत्र दाखवलं. जेवण त्यांच्याकडे, लेखी आहे. त्या म्हणाल्या, "कागद खाऊन पोट भरतंय का?"

मोज्यांच्या जोडीत वीस युरोची नोट सापडली. हे माझ्या नवऱ्याचं, राघवेंद्रचं काम. औशाला रोज जाऊन येऊन झेडपीच्या शाळेत शिकवतो आणि घरात आला की स्वतःच विद्यार्थ्यासारखा चोरून वागतो. विचारलं तर म्हणाला, "अडीनडीला असू दे गं." नियम मी लिहिले आणि पहिली पळवाट माझ्याच घरात? नोट काढून कपाटात ठेवली. श्रद्धा दारात उभी राहून पाहत होती. तिची ही सवय मला आवडते, वाद घालत नाही.

१७ मे, शनिवार

दुपारी शाळेच्या फाटकातून बस हैदराबादला गेली, तिथून विमान. जर्मन शिकवणाऱ्या उज्वला मॅडम बरोबर आहेत.

बसमध्ये चढण्याआधी श्रद्धाला बाजूला घेऊन पुन्हा एकदा सगळं सांगितलं. पासपोर्ट गळ्यात. वही रोज. आणि मुख्य म्हणजे, लोकांच्या घरी राहायचंय तर खादाडासारखं वागायचं नाही. कुणी काही पुढे केलं की लगेच हो म्हणायचं नाही. आधी नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, फारच आग्रह झाला तर थोडं घ्यायचं. आईबापांचं वळण ताटावर दिसतं. मला माझ्या आईने असंच शिकवलं. नांदेडला बी.कॉम.ची तीन वर्षं मी मामाकडे काढली. मामी तीनतीनदा विचारायची आणि मग मी जेवायची. एकदाही कुणी मला हावरी म्हटलं नाही.

श्रद्धा म्हणाली, "हो आई." आनंदराजांची मुलगी सुकन्या खिडकीतून चिप्सचं पाकीट हलवत ओरडत होती, "श्रद्धे, चल की गं!"

२० मे, मंगळवार

ऑफिसात परीक्षा फॉर्मची गर्दी. बारा वाजता मोबाइल वाजला. पहिला संदेश. बेकरी, तीन युरो वीस सेंट. तिथे तेव्हा सकाळचे साडेआठ. म्हणजे नाश्ता करून घरातून निघाली आणि लगेच बेकरीत शिरली. पहिलाच खर्च आणि तोही तोंडाचा! तीनशे रुपयांची पावरोटी!

परदेश आहे, नवं आहे, म्हणून सोडून दिलं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, "खाल्लं न्हवं? बेस केलं."

२१ मे, बुधवार

आज दोन. सकाळी बेकरी, दुपारी दुकान. दोन युरो चाळीस आणि एक युरो नव्वद.

२२ मे, गुरुवार

संध्याकाळी श्रद्धाचा व्हिडिओ कॉल. मागे पांढरी भिंत, स्वच्छ घर. चेहरा उतरलेला वाटला, पण तिकडचा उजेडच तसा असावा.

मी विचारलं, "जेवलीस?"

"हो."

"काय?"

"ब्रेड."

"घरातल्या बाई कशा आहेत?"

"चांगल्या आहेत. रोज विचारतात, हवं का म्हणून."

"मग?"

"मी नको म्हणते. तू सांगितलंस तसं."

"शहाणी. आणि ते बेकरीचं काय चाललंय?"

ती म्हणाली, "वहीत लिहिलंय." राघवेंद्रने मोबाइल हातात घेतला आणि तिथे पाऊस आहे का विचारत बसला. मुद्द्याचं बोलणं तिथेच राहिलं. या माणसाला हवामानाची इतकी काळजी असेल तर वेधशाळेत जायला हवं होतं.

एक बरं झालं. निदान लोकांच्या घरी वळणाने वागते आहे.

२४ मे, शनिवार

काल सकाळी बेकरी, दुपारी बेकरी, संध्याकाळी दुकान. आज सकाळपासून पुन्हा तीन. केळी, ब्रेड, चीज असलंच काहीतरी असावं, संदेशात फक्त दुकानाचं नाव येतं, वस्तू नाही. पाच दिवसांत एकेचाळीस युरो, चार हजारांच्या घरात, आणि सगळे पोटात! संग्रहालयाचं तिकीट नाही, पुस्तक नाही, आजीसाठी काही नाही. बाहेरचं खाऊन घरच्यांच्या अन्नाला नको म्हणायचं, ही कुठली रीत? मी सांगितलेल्या वळणाचा हा असा उपयोग? त्या बाईंना काय वाटत असेल, आपलं अन्न या मुलीला चालत नाही म्हणून?

सुकन्याची संगत. दुसरं काय. बापाने लाखभर दिलेच असणार गुपचूप.

साडेपाचला कार्ड बंद केलं. मोबाइलवर एक बटण सरकवायचं, झालं. राघवेंद्र म्हणाला, "अगं विचार तरी तिला." मी म्हटलं, विचारलं होतं, उत्तर आलं नाही. नियम बारा जणांसाठी केला तेव्हा माझी मुलगी त्यांत होतीच.

जेवताना सासूबाईंनी मला पोळी विचारली. वाढणं हे त्यांचं काम नाही.

२५ मे, रविवार

श्रद्धाचा संदेश आला. "आई, कार्ड चालत नाही." मी लिहिलं, "मी बंद केलं आहे. कारण तुला माहीत आहे." दोन निळ्या खुणा आल्या.

बरं वाटलं. कुणीतरी या घरात कठोर व्हायलाच हवं.

२७ मे, मंगळवार

आजचा दिवस लिहिणं भाग आहे. रागात लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

साडेतीनला आनंदराजांचा फोन ऑफिसात आला. मी म्हटलं, कामात आहे. ते म्हणाले, "दोन मिनिटं, मॅडम. माझी पोरगी रडून राहिली फोनवर. म्हणती, श्रद्धा तीन दिवस झाले काही खाईना. डब्यातलं देलं तरी नको म्हणती. उसनं घ्यायचं न्हाई, आईनं सांगितलंय म्हणती. काल शाळेत जिना चढताना खाली बसली."

मी म्हटलं, "तिथे घरात जेवण मिळत नाही का?"

"ते तुम्हीच इचारा. नियम तुमचेत." आणि फोन ठेवला. त्या माणसाने माझ्यावर फोन ठेवला!

उज्वला मॅडमना लावला. त्यांचा आवाज गडबडलेला. "मॅडम, मी आताच त्या घरी बोलले. त्या बाई म्हणतात, मुलगी गोड आहे पण फार कमी खाते. दर वेळी विचारतो, दर वेळी नको म्हणते. पोटाचं काही दुखणं आहे का, असं त्याच मला विचारत होत्या."

माझं डोकं फिरलं. विचारतात म्हणे! पाहुण्या पोरीला कुणी असं विचारतं? हवं का, नको, बरं, आणि भांडं उचलून आत! ही काय पद्धत झाली? आपल्याकडे दारात आलेल्या टपालवाल्याला सुद्धा चहा दोनदा विचारतात. अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. येताना गांधी चौकात एका ऑटोवाल्याशी भांडले. त्याची चूक नव्हती.

घरी सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, त्या जर्मन बाईला नावं ठेवत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईनं किती येळा इचारलं?"

"दर जेवणाला एकदा."

"मंग पोर व्हय कशी म्हणंल? तू तर तिला तिसऱ्या येळंला शिकिवलंस."

मी म्हटलं, "सगळ्या जगात असंच असतं."

"तुझी मामी सगळ्या जगात बसलीय व्हय, तीनतीनदा इचारायला?" आणि त्या पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. "ती पोर बेकरीत न्हाई गेली, कुसुम. ती भुकेली व्हती. मी कवाची सांगून राहिले, दोन धपाटे जास्त जाऊ दे."

त्यांनी असं काही सांगितलेलं मला आठवत नाही. म्हणजे धपाट्यांचं सांगितलं होतं.

साडेचारला कार्ड सुरू केलं. तेच बटण, उलट बाजूला सरकवायचं. संदेश लिहिला, "कार्ड सुरू केलं आहे." मग आणखी एक लिहिला. तो लिहायला वेळ लागला, दोनदा पुसला. "तिथे पहिल्यांदा विचारलं की हो म्हणायचं."

लगेच उत्तर आलं. "तू रागावणार नाहीस ना?"

या प्रश्नाचा मला फार राग आला आहे. तीन दिवस उपाशी राहिलेली मुलगी जेवायची परवानगी मागते, आणि भीती कुणाची, तर माझी. राघवेंद्र औशाहून आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "बोल, काय बोलायचं ते बोल." तो म्हणाला, "काही नाही." त्याने बोलायला हवं होतं. शनिवारीच आवाज चढवून बोलायला हवं होतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी संदेश आला. बेकरी, चार युरो साठ.

२८ मे, बुधवार

उज्वला मॅडमचा फोन. त्यांनी त्या बाईंना आपली पद्धत समजावून सांगितली. बाई आधी चकित झाल्या, मग रडकुंडीला आल्या, आणि आता त्यांनी फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे. श्रद्धाला तीन वेळा विचारणे. घरातली लहान मुलंही एक, दोन, तीन असं मोजत विचारतात म्हणे, आणि सगळे हसतात.

हसतात! आमच्या घरचं वळण परक्यांच्या फ्रिजवर. उज्वला मॅडमना यात काय गंमत वाटली कळत नाही.

पण जेवते आहे.

१ जून, रविवार

दुपारी बस आली. सगळी मुलं ओरडत उतरली. श्रद्धा शेवटून तिसरी. गळ्याची हाडं दिसतात. आनंदराज बाजूला उभे होते. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही केला. सुकन्या श्रद्धाला मिठी मारून निघाली आणि जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं की कुणी माझ्या ऑफिसात असं पाहिलं असतं तर मेमो दिला असता.

घरी आल्यावर आंघोळ, जेवण. सासूबाईंनी तिच्यापुढे इतकं वाढलं की ताट दिसेना. जेवण झाल्यावर ती आपणहून उठली, बॅगेतून वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मी मागितली नव्हती. दर रविवारी हिशेब तपासून लाल पेनाने "पाहिले" लिहायचं आणि मग पुढच्या आठवड्याचे पैसे द्यायचे, ही पाचवीपासूनची पद्धत आहे. आज रविवार होता, एवढंच.

बेरीज केली. सेंटपर्यंत बरोबर. अक्षर सुंदर, चार रकाने पट्टीने आखलेले.

२० मे, पाव, ३.२०. कारण: भूक.

२१ मे, पाव, २.४०. कारण: भूक. केळी, १.९०. कारण: भूक.

२३ मे, तीन ओळी. कारण: भूक, भूक, भूक. तिसरं खोडून वर लिहिलं आहे, "जेवणात नको म्हणाले म्हणून."

२४ मेलाही तीन ओळी, तेच कारण.

२५ मे. खर्च नाही. कारणाच्या रकान्यात काही नाही.

२६ मे. खर्च नाही. काही नाही.

२७ मेला एकच ओळ, ४.६०. त्यापुढे मोठ्या अक्षरात, "आईने सुरू केलं म्हणून."

लाल पेन हातात होतं. टोपण काढलं, लावलं. श्रद्धा समोर उभी राहून वाट पाहत होती, सही झाली की वही परत घ्यायची तिला सवय आहे. मी म्हटलं, "ठेव. उद्या बघते." ती म्हणाली, "काही चुकलं का?"

मी म्हटलं, "तुझं नाही." जरा जोरातच म्हटलं असावं, कारण ती दचकली.

कपाटातली वीस युरोची नोट काढून राघवेंद्रच्या शर्टच्या खिशात ठेवली. त्याला अजून कळलेलं नाही.

८ जून, रविवार

लोह्याला गेलो होतो, सासूबाईंना पोचवायला. धाकट्या जावेकडे जेवण. घरात दहा माणसं, श्रद्धाला पाहायला शेजारच्या बायका. विमानात कसं वाटतं, तिथे गोरे लोक पाण्याऐवजी काय पितात, असले प्रश्न.

पंगत बसली. जाऊ पोळीची टोपली घेऊन आली. "श्रद्धा, पोळी वाढू का गं?"

"हो काकू, दोन वाढा."

जाऊ थांबली. बायकांकडे पाहून म्हणाली, "बघा बाई, फॉरेनला जाऊन आली की लाज बी तिकडंच ठिवून आली."

सगळ्या हसल्या. श्रद्धाने हात मागे घेतला. मला तो हात दिसला.

मी म्हटलं, "तू एकदा विचारलंस. तिने एकदा सांगितलं. वाढ."

"अवं वैनी, मी आपली गंमत केली…"

"दोन म्हणाली ती. दोन वाढ."

जावेने दोन पोळ्या वाढल्या, त्याही जरा आपटूनच. मग टोपली माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "तुमाला, वैनी?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको."

जाऊ क्षणभरही थांबली नाही. टोपली घेऊन पुढच्या ताटाकडे गेली. परत आलीच नाही. एका पोळीवर मी उठले. सासूबाई पदराआड हसत होत्या, मला स्पष्ट दिसलं.

जावेचा राग अजून गेलेला नाही. मोठ्या जावेला एकदाच विचारतात का? हे मी लक्षात ठेवणार आहे.

परतीच्या वाटेवर माळाकोळी गाव मागे पडल्यावर मागच्या सीटवर पिशवीचा आवाज झाला. आजीने येताना श्रद्धाच्या हातात काहीतरी दिलं होतं. कागद उलगडल्याचा आवाज आला आणि तिळाचा वास.

"आई, धपाटं?"

तिने पुन्हा विचारलं नाही, नुसता हात पुढे धरून बसली.

मी मागे वळले आणि घेतलं.